यादी साधी की सतरा रकान्यांची?

कामांची यादी ठेवणाऱ्या अ‍ॅपबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी सहा या वेळी घेतले आहेत. 'सगळ्यांत चांगलं अ‍ॅप कोणतं' एवढंच विचारणारी पत्रं बाजूला ठेवली. काम कसलं आहे हे कळल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही.

माझ्याकडे जीएसटीचे ६० अशील आहेत. सध्या गूगल टास्क्स वापरतो. तारखा निसटू नयेत म्हणून एखादं मोठं, पैसे भरून घ्यायचं अ‍ॅप घ्यावं का? (करसल्लागार, सांगली)

आधी आकडेमोड करा. ६० अशील, प्रत्येकाचा जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) आणि जीएसटीआर-३बी (गोषवारा आणि करभरणा), म्हणजे सगळे मासिक धरले तर महिन्याला १२० नोंदी. शिवाय ७ तारखेचा टीडीएस भरणा, आणि १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च हे आगाऊ कराचे हप्ते. हे सगळं अ‍ॅपमध्ये ओतलं तर १० तारखेला सकाळी एकसारख्या दिसणाऱ्या ६० ओळी समोर येतील. कोणाची बिलं आली, कोणाची अर्धी आली, कोणाचं नुसतं ओटीपीसाठी अडलंय, हे त्या ओळी सांगणार नाहीत. महागातलं अ‍ॅप घेतलं तरी सांगणार नाहीत, कारण तुम्हाला इथे यादीपेक्षा तक्ता हवा आहे.

गूगल शीटमध्ये एका ओळीत एक अशील घ्या. रकाने असे: मासिक की तिमाही, बिलं आली, जीएसटीआर-१ भरला, २बीशी (खरेदीवरच्या कराचं आपोआप तयार होणारं विवरण) जुळवणी, चलन, ३बी भरला. घरात बरोबरची खूण करू नका, तारीख लिहा. चार महिन्यांनी कोण कायम १० तारखेला बिलं पाठवतो ते त्याच तक्त्यात दिसतं, आणि फी वाढवायच्या वेळी ते उपयोगी पडतं. रिकामं घर म्हणजे बाकी काम. फिल्टर लावून फक्त रिकामी घरं पाहायची. दर महिन्याला त्याच फाइलमध्ये नवं पान.

अ‍ॅपमध्ये मग दर महिन्याच्या पाच-सहाच नोंदी उरतात. ५ तारखेला 'बिलं न आलेल्यांना फोन', ६ ला 'टीडीएस उद्या', ९ ला 'जीएसटीआर-१, मुदत ११', १५ ला '२बी उतरवून जुळवणी' (२बी १४ ला तयार होतो), १८ ला '३बी, मुदत २०'. एवढं गूगल टास्क्स आरामात करतं. स्मरण एक-दोन दिवस आधीचं ठेवायचं आणि खरी मुदत नावातच लिहायची. मुदतवाढ आली तर त्या महिन्याची तेवढी नोंद पुढे ढकला, आवर्तनाला (दर महिन्याला आपोआप परत येण्याच्या नियमाला) हात लावू नका. नाहीतर पुढचे सगळे महिने सरकतात आणि ते तीन महिन्यांनी लक्षात येतं.

पाण्याच्या फिल्टरची कँडल दर तीन महिन्यांनी बदलायची असते. अ‍ॅपमध्ये घातलंय, पण तारीख नेहमी विचित्रच येते. (गृहिणी, नागपूर)

'दर तीन महिन्यांनी' याचे दोन अर्थ होतात आणि तुमचं अ‍ॅप बहुधा नको तो धरून बसलंय. एक अर्थ पंचांगाला बांधलेला: विम्याचा हप्ता, वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स. तुम्ही उशिरा भरा की लवकर, पुढची तारीख ठरलेली. दुसरा अर्थ 'केल्यापासून': कँडल, गाडीचं सर्व्हिसिंग, दातांची तपासणी. कँडल २० दिवस उशिरा बदलली आणि अ‍ॅप पंचांगाला धरून चाललं, तर पुढची आठवण ९० ऐवजी ७० दिवसांतच येते. उलट विम्याचा हप्ता 'केल्यापासून' वर ठेवला, तर प्रत्येक उशीर पुढच्या तारखेत साठत जातो. ही चूक जास्त महागात पडते.

टूडूइस्ट या कामांच्या यादीच्या अ‍ॅपमध्ये हा फरक एका चिन्हाचा आहे. 'एव्हरी' हा इंग्रजी शब्द लिहून 'तीन महिने' म्हटलं तर मूळ तारखेपासून मोजतं, त्याच शब्दाला उद्गारचिन्ह जोडलं तर काम संपवल्याच्या दिवसापासून. ईमॅक्स हा मजकूर लिहायचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांच्या ऑर्ग-मोडमध्ये तर तीन प्रकार आहेत. '+' एकेक पायरी पुढे जातं, मग ती तारीख अजून मागचीच असली तरी. '++' मूळ ठेका सांभाळून थेट पुढच्या येणाऱ्या तारखेवर उडी मारतं. '.+' आजपासून मोजतं.

तुमचं अ‍ॅप काय करतं ते पाहायला दोन मिनिटं पुरतात. एक खोटी नोंद करा, तारीख दहा दिवसांपूर्वीची आणि आवर्तन महिन्याचं द्या, 'झालं' करा आणि पुढची तारीख कोणती येते ते बघा. 'केल्यापासून'ची सोय नसेल तर आवर्तन काढून टाका आणि कँडल बदलली की पुढची तारीख हातानेच घाला. वर्षातून चारदा करायचं काम आहे, त्यासाठी अ‍ॅप बदलू नका.

नोशनमध्ये मी स्वतःची पद्धत बांधली आहे: प्राधान्य, ऊर्जा, अंदाजे वेळ, क्षेत्र, स्थिती, टॅग असे बरेच रकाने. रविवारी छान वाटतं, बुधवारपर्यंत सगळं कोलमडतं. साध्या अ‍ॅपवर गेलो तर काही हरवेल का? (सॉफ्टवेअर अभियंता, पुणे)

रकाना भरायचे कष्ट प्रत्येक नोंदीला पडतात. त्याचा फायदा मिळतो तो यादी गाळताना, आणि तोही गाळली तर. म्हणून एक सरळ तपासणी: गेल्या १५ दिवसांत कोणत्या रकान्यावरून तुम्ही यादी गाळली किंवा क्रम लावला? ज्यावरून काहीच केलं नाही तो रकाना लपवा. लगेच पुसू नका, महिनाभर लपवून ठेवा. 'ऊर्जा' बहुधा पहिल्याच दिवशी जाईल. बहुतेकांकडे शेवटी तारीख आणि प्रकल्प हे दोनच उरतात.

प्राधान्याचं वेगळं सांगायला हवं. ८० पैकी ३० कामं 'अत्यंत महत्त्वाची' असतील तर तो शिक्का काहीच सांगत नाही. आपण तो काम सुचलेल्या क्षणी मारतो, आणि त्या क्षणी प्रत्येकच काम मोठं वाटतं. नोंदताना प्राधान्य द्यायचंच नाही. सकाळी यादी पाहून आजची तीन कामं उचलायची. मायक्रोसॉफ्ट टू डू मधलं 'माय डे' हेच करतं: रात्री ते रिकामं होतं, न झालेलं काम आपल्या मूळ यादीत शाबूत राहतं, पण उद्यासाठी ते पुन्हा हाताने उचलावं लागतं. तिसऱ्या दिवशी उचलताना कंटाळा आला, तर ते काम करायचंय की नाही याचं उत्तर तिथेच मिळतं.

बुधवारी कोलमडतं त्याचं कारण आमच्या मते खोट्या तारखा. काम विसरू नये म्हणून त्याला शुक्रवार दिला, शुक्रवारी झालं नाही, सोमवारी ते लाल झालं. अशा ४० लाल ओळी साठल्या की त्यातली खरी मुदत असलेली एक ओळ डोळ्यांना दिसत नाही. थिंग्ज आणि ओम्नीफोकस या अ‍ॅपमध्ये 'केव्हापासून दिसावं' आणि 'केव्हापर्यंत व्हावं' या तारखा वेगळ्या ठेवता येतात. ज्याच्यासाठी पैसे मोजावेत अशी ही सोय खरोखरच आहे. पण दोन्ही फक्त अ‍ॅपलच्या उपकरणांसाठीची अ‍ॅप्स आहेत, अँड्रॉइडसाठी नाहीत. नोशनमध्येच राहणार असाल तर तारखांचे दोन रकाने करा आणि रोजचं पान पहिल्या तारखेवरून गाळा. एकाच तारखेच्या साध्या अ‍ॅपमध्ये ती तारीख 'मी हे केव्हा बघणार' याची ठेवा आणि मुदत नावाच्या सुरुवातीला लिहा: '३० पर्यंत, रिफंडचा अर्ज'. खरी मुदत नसेल तर तारीखच देऊ नका.

आणि नोंद करायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. कुलूपबंद फोन हातात घेतल्यापासून नोंद जतन होईपर्यंत दहा-बारा सेकंदांच्या वर गेलात, तर गडबडीच्या दिवशी ते काम व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलं जाणार. मुख्य पडद्यावर विजेट ठेवल्याने यातला बराच वेळ वाचतो. टूडूइस्टमध्ये वाक्यातूनच तारीख ओळखली जाते, पण मराठीतून नाही. 'उद्या ४ वाजता' हे ते नावच समजतं. कामाचं नाव मराठीत आणि तारखेचे शब्द इंग्रजीत, अशी मिसळ मात्र चालते. उलटी फजितीही होते: इंग्रजीत 'मंथली रिपोर्ट' लिहिलं की 'मंथली'ला ते आवर्तन समजतं. रंगलेल्या शब्दावर टिचकी मारली की ती ओळख रद्द होते.

सगळ्या नोंदी एका रविवारी हलवू नका. नवी यादी कोरी सुरू करा आणि जुन्यातलं ज्या कामाला हात लावाल तेवढंच नव्यात आणा.

नवऱ्याकडे आयफोन, माझ्याकडे अँड्रॉइड. वाणसामान आणि घरकामांची एकच यादी दोघांना दिसायला हवी. (ठाणे)

अ‍ॅपल रिमाइंडर्स नको, अँड्रॉइडवर त्याचं अ‍ॅप नाही. गूगल टास्क्समधली खासगी यादी दुसऱ्याला देता येत नाही. वाणसामानासाठी गूगल कीपची खुणांची यादी, घरकामांसाठी मायक्रोसॉफ्ट टू डू मधली सामायिक यादी. टू डू मध्ये 'हे तू, ते मी' असं काम नेमूनही देता येतं. तेल, तूरडाळ, चहा, साबण पुन्हा पुन्हा लिहू नका: कीपमधली तीच यादी ठेवा, आणायला जाण्याआधी मेनूतून सगळ्या खुणा एकदम काढा आणि घरात आहे त्यावर खूण करून टाका. उरेल ते आणायचं.

आठवण वाजतच नाही! पैसे भरून चांगलं अ‍ॅप घेतलं तर वाजेल का? (कोल्हापूर)

बहुधा नाही, कारण गडबड फोनच्या परवानग्यांत असते. अँड्रॉइड १३ पासून अ‍ॅपला सूचना दाखवायची परवानगी वेगळी द्यावी लागते, आणि घाईत 'नको'वर बोट पडलेलं असतं. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, त्यात ते अ‍ॅप, त्यात नोटिफिकेशन्स चालू करा. मग त्याच पानावर बॅटरीमध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. 'स्पेशल अ‍ॅप अ‍ॅक्सेस' मध्ये 'अलार्म्स अँड रिमाइंडर्स' असतं, तिथे परवानगी नसेल तर आठवण ठोक्याला न वाजता फोनच्या सवडीने वाजते. शाओमीसारख्या फोनवर 'ऑटोस्टार्ट'ही चालू करावं लागतं. नंतर पाच मिनिटांनंतरची खोटी आठवण लावा, पडदा बंद करा आणि फोन खाली ठेवून द्या. हातात धरून बघाल तर ती वाजेलच, तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.

औषधाच्या वेळा मात्र यात घालू नका. त्यांना घड्याळाचा गजर.

घरांच्या नूतनीकरणाची कामं घेतो. एका वेळी तीन-चार साइट. टू डू अ‍ॅपमध्ये प्रत्येक साइटची ४० कामं दिसतात आणि काय आधी काय नंतर तेच कळत नाही. (कंत्राटदार, छत्रपती संभाजीनगर)

साधं अ‍ॅप खरोखर तोकडं पडतं ते तुमच्यासारख्या कामात. एकट्या बाथरूमचंच बघा: भिंतीला झिरी, आतलं पाइपिंग, पाइपची प्रेशर टेस्ट, झिरी बुजवणं, वॉटरप्रूफिंग, पाणी भरून गळती तपासणं, मग टाइल, ग्राउट, शेवटी नळ आणि भांडी (कमोड, बेसिन). प्रेशर टेस्टच्या आधी झिरी बुजवली किंवा पाणी भरून न बघता टाइल बसली, की पुढे तोडफोड आलीच. यादीत मात्र या सगळ्या ओळी सारख्याच ठळक असतात, जणू आज यातलं काहीही करता येईल.

दोन साइटपर्यंत एक युक्ती पुरते. कामं क्रमाने लावा आणि फक्त पुढच्या एकाच कामाला तारीख द्या. ते झालं की खालच्याला. 'आज'च्या पानावर मग प्रत्येक साइटची एकच ओळ येते. तुमच्याकडे अ‍ॅपलची उपकरणं असतील तर ओम्नीफोकसमधला सीक्वेन्शियल प्रकल्प हेच आपोआप करतो: पहिलं काम संपेपर्यंत दुसरं 'उपलब्ध' होत नाही.

तीन-चार साइट झाल्या की कोडं बदलतं, कारण तुमचा टाइलवाला एकच असतो. एका साइटवर वॉटरप्रूफिंग दोन दिवस लांबलं की तो तिसऱ्या साइटवर उशिरा पोचतो, आणि हे कुठलीही यादी दाखवणार नाही, कितीही ताकदवान असली तरी. शीटमध्ये डावीकडे माणसं लिहा (गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, टाइल, पीओपी, रंग), वर तारखा, आणि घरात साइटचं नाव. एका घरात दोन नावं आली की भांडण तुम्हाला आठवडाभर आधी दिसतं. सुकण्याचे, तराईचे (सिमेंटवर पाणी मारत राहण्याचे) आणि पाणी भरून ठेवण्याचे दिवसही करड्या रंगाने भरा. त्या दिवशी कोणी कामावर नसतं म्हणून ते हमखास विसरले जातात, आणि सगळं वेळापत्रक तिथेच ढासळतं.

यात अ‍ॅपकडे उरतं ते फुटकळ: 'हार्डवेअरवाल्याला बिजागऱ्यांचं सांगणे', 'तिसऱ्या मजल्याच्या काकांची आवाजाची तक्रार'. त्याला फुकटातलं कोणतंही चालेल. फक्त घेण्याआधी आपला मजकूर बाहेर काढता येतो का ते पाहा. वंडरलिस्ट चांगलं चाललेलं अ‍ॅप होतं, मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये घेतलं आणि ६ मे २०२० ला बंद केलं. टूडूइस्टमधून प्रकल्प सीएसव्हीत निघतो आणि ती फाइल शीटमध्ये सरळ उघडते. गूगल टास्क्सचा मजकूर गूगल टेकआउटमधून मिळतो, पण तो जेसन स्वरूपात, म्हणजे वाचण्यासारखा करायला जाणकार माणूस लागतो.