कंट्रोलरची भीड धरू नकोस

प्रिय पोरी,

सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावरून सॅन दिएगोच्या माँटगोमेरी विमानतळावर एकटीनं विमान घेऊन जायचं ठरवलंस, हे वाचून फार आनंद झाला. सरळ अंतर 360 नॉटिकल मैलांच्या आसपास, म्हणजे तुझ्या सेसना 172 मध्ये तीन-साडेतीन तास. हवामान आणि इंधनाचं तुझा इन्स्ट्रक्टर बघेलच. तू शेवटी विचारलंस, "कंट्रोलरला उगाच कशाला त्रास द्यायचा? फ्लाइट फॉलोइंग घेऊ की नको?" फ्लाइट फॉलोइंग म्हणजे जमिनीवरचा कंट्रोलर रडारवर तुझ्यावर नजर ठेवतो आणि आसपासची विमानं सांगतो. घे. नक्की घे.

पहिल्या हाकेत अख्खी कहाणी सांगायची नाही. "नॉर्कॅल अप्रोच" (उत्तर कॅलिफोर्नियाचं रडार केंद्र), तुझं कॉलसाइन म्हणजे विमानाचं रेडिओवरचं नाव, आणि "व्हीएफआर रिक्वेस्ट" (व्हीएफआर म्हणजे ढगांबाहेर राहून, डोळ्यांनी बघत उडणं), एवढंच. त्यानं विचारलं की कुठे आहेस, कुठलं विमान, किती उंची आणि कुठे जायचंय, ते एका दमात सांग. आग्नेयेकडे जातेस, म्हणून 7,500 किंवा 9,500 फूट. तो चार आकडी कोड देईल. आधी मांडीवरच्या पॅडवर लिही, मग परत वाचून दाखव आणि ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला तुझी ओळख सांगणाऱ्या यंत्रावर, व्हीएफआरच्या नेहमीच्या 1200 च्या जागी तो लाव.

पुढे ओकलंड सेंटर, लॉस एंजेलिस सेंटर, मग सोकॅल (दक्षिण कॅलिफोर्नियाचं रडार केंद्र), असे तुला हातोहात पुढे सोपवत जातील. नवी फ्रिक्वेन्सी लिहिताना जुनी खोडू नकोस. नव्या जागी कुणी उत्तर दिलं नाही, तर जुन्यावर परत यायचं. सॅलिनासच्या खोऱ्यावर बराच वेळ तुझ्याशी कुणी बोलणारही नाही. त्यात काही वावगं नाही. पण इतरांचेही आवाज येईनासे झाले, तर रेडिओ चेक माग. डोंगराआड खाली उडताना रडार आणि रेडिओ दोन्ही पोचत नाहीत. उंची वाढवली की बहुधा आवाज परत येतात.

फ्लाइट फॉलोइंग ही कंट्रोलरला सवड असेल तेवढीच मिळणारी मदत आहे. बाहेर बघायचं काम तुझंच. त्यानं एखादं विमान दाखवलं आणि तुला दिसलं नाही, तर त्याला बरं वाटावं म्हणून "दिसलं" म्हणू नकोस. लॉस एंजेलिसजवळ आणखी एक जपायचं: कोड मिळाला म्हणजे क्लास बी मध्ये, म्हणजे मोठ्या विमानतळाभोवतीच्या नियंत्रित आकाशात, शिरायची परवानगी मिळाली असं नाही. ती परवानगी त्यानं स्पष्ट शब्दांत दिली पाहिजे. नसेल दिली, तर माग, आणि मिळेपर्यंत बाहेर थांब.

आता खरं सांगायचं ते. आपल्याकडे मोठ्या माणसाला अडचण सांगताना आवाज खाली जातो, "जमलं तर", "थोडंसं" असं काहीतरी निघतं. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते रेडिओवर तर जिवावर बेततं. 25 जानेवारी 1990 ला आव्हियांका या कोलंबियन कंपनीचं 52 क्रमांकाचं विमान न्यूयॉर्कला येताना तासाहून जास्त वेळ घिरट्या घालत होतं. इंधन संपत आलंय, असं वैमानिकांनी सांगितलं. पण "इमर्जन्सी" हा शब्द कंट्रोलरला सांगितला नाही. इंधन संपून विमान लाँग आयलंडवर कोसळलं. 158 पैकी 73 माणसं गेली. कॉकपिटमध्ये काय चाललंय, हे कंट्रोलरला फक्त तुझ्या तोंडून कळतं. रडारवर त्याला एक ठिपका दिसतो, इंधनाचा काटा दिसत नाही.

म्हणून त्यानं दिलेल्या दिशेनं ढगात शिरावं लागणार असेल, तर लगेच "अनेबल" (जमणार नाही) म्हण आणि कारण दे. ढग खाली येताहेत, रस्ता चुकलाय, इंजिन नीट वाजत नाहीये, जे असेल ते साध्या इंग्रजीत, लवकर सांग. ठरावीक शब्द आठवत बसू नकोस. प्रसंग गंभीर असेल तर तीनदा "मेडे", आणि ज्याच्याशी बोलतेस त्याच फ्रिक्वेन्सीवर. कुणाशीच बोलत नसशील तर 121.5 ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी आणि आणीबाणीचा कोड 7700. मात्र आधी विमान सांभाळ, बोलणं त्यानंतर.

फ्लाइट फॉलोइंग घेतलं तरी व्हीएफआर फ्लाइट प्लॅन वेगळा भर, आणि उतरल्यावर फ्लाइट सर्व्हिसला, म्हणजे हे प्लॅन सांभाळणाऱ्या केंद्राला, फोन करून तो बंद कर. टॉवर आपोआप करत नाही. ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात बंद झाला नाही, तर तुझा शोध सुरू होतो.

शुक्रवारी संध्याकाळी चार्ट घेऊन घरी ये. लॉस एंजेलिसचा तुकडा दोघं मिळून बघू.

तुझा,
काका