रंग पुन्हा मारलेल्या जुन्या फेंडर गिटारची किंमत कशी ठरवायची?

सोलापुरातल्या एका ऑर्केस्ट्रावाल्या काकांकडची १९६६ ची स्ट्रॅटोकास्टर (फेंडरची इलेक्ट्रिक गिटार) तुम्ही घेताय, रंग नंतर मारलेला आहे आणि काका मात्र मूळ रंगातल्या गिटारचा भाव सांगतायत. तो देऊ नका. बाकी सगळं मूळ असेल तर रंग बदललेली गिटार साधारण निम्म्या किमतीला जाते, हा बाजारातला जुना हिशेब.

पण ‘बाकी सगळं मूळ’ हे तोंडी ऐकून चालत नाही. काकांसमोरच पिकगार्ड, म्हणजे तारांखालची प्लास्टिकची पट्टी, उघडा आणि पॉटवरचा (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागावरचा) आकडा वाचा. १३७६६३३ असेल तर १३७ म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, ६६ साल, ३३ वा आठवडा. पॉट गिटारपेक्षा थोडा आधीचा चालतो, नंतरचा निघाला तर बदललाय. सोल्डरचे टाके नवे, चकचकीत दिसले तर पिकअपही (तारांचा आवाज पकडणारे चुंबकी भाग) तपासा. तेच बदललेले असतील तर भाव आणखी बराच खाली. नेकचे (गिटारच्या दांड्याचे) चार स्क्रू सोडवून तो बसतो त्या बॉडीतल्या खाचेत डोकावा, जुन्या रंगाची कड बहुधा तिथेच सापडते. पॉलिश पेपरने घासून बॉडीच्या कडा गोल केल्या असतील तर अजून पैसे तोडा. कारखान्यातच दुसऱ्यांदा रंगवलेली असेल तर मात्र निम्म्याहून जास्त मोजायला हरकत नाही.

फक्त वाजवायलाच हवी असेल तर अशीच घ्या, आवाजाला रंगाने फारसा फरक पडत नाही. आणि हो, परत रंगवायला कुणाकडे देऊ नका.