एम.एस्सी. सोडण्याआधी

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

दोन वर्षांत लग्न होईल, मग मूल, आणि ते शाळेत जाईपर्यंत तुला घरीच राहायचंय, मग एम.एस्सी.ची जागा कशाला अडवू, असं तू विचारलंस. मूल हवंसं वाटणं, त्याच्याजवळ राहावंसं वाटणं यात कमीपणा नाही, हे आधी सांगते. पण त्यासाठी शिक्षण सोडायचं, हे मला अजिबात पटत नाही.

तुझा विषय जीवरसायनशास्त्र, म्हणून कमला सोहोनी आठवल्या. १९३३ साली बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत. अटी मान्य करून शिकल्या आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. लग्न १९४७ साली झालं, दोन मुलं झाली. मुंबईच्या विज्ञान संस्थेत असताना त्यांनी नीरेवर संशोधन केलं, ते कुपोषित मुलं आणि गरोदर बायकांच्या पोषणासाठी. त्यांचं आईपण आणि त्यांचं शास्त्र यांचं भांडण असतं, तर हे काम झालंच नसतं.

आता तुझा हिशेब करू. मूल शाळेत जाईल तेव्हा तू जेमतेम तिशीची असशील. पुढे उमेदीची तीस वर्षं उरतात, आणि त्या वेळी हातात काय आहे यावर सगळं ठरतं. एम.एस्सी. झालेली असेल तर सहायक प्राध्यापकपदासाठीची सेट-नेट ही पात्रता परीक्षा कधीही देता येते, तिला कमाल वयाची अट नाही. जेआरएफ या संशोधनाच्या शिष्यवृत्तीला ती आहे, पण बायकांना त्यात पाच वर्षांची सूट मिळते. पीएच.डी.ची मुदत सहा वर्षांची. बायकांना आणखी दोन वर्षं मिळू शकतात, शिवाय प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजा. हे नियम तुझ्यासारखीचाच विचार करून केलेत. नुसत्या तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर मात्र यातलं एकही दार उघडत नाही. आणि एका पगारावरचं घर कधी अडचणीत येईल, हे कुणालाच सांगता येत नाही.

बैठकीत मुलाकडचे "लग्नानंतर शिकवू की" म्हणतील. मनापासूनही म्हणतील. पण सासरी पहिला सण, पहिली दिवाळी, मग दिवस जातात, आणि प्रॅक्टिकलची हजेरी कुणासाठी थांबत नाही. किती हुशार मुली अशा थांबलेल्या पाहिल्यात मी, जीव तुटतो. म्हणून एम.एस्सी.ची दोन वर्षं आधी पूर्ण कर, लग्न नंतर. मुलाशी स्वतः बोल. बाळाच्या पहिल्या वर्षात रात्री कोण उठणार, तू पुन्हा अभ्यासाला बसशील तेव्हा घर कोण बघणार, हे लाजू नकोस, विचार. उत्तर देताना तो कसा बोलतो, त्यावरूनही बरंच कळेल.

प्रवेशाची फी भरायची तारीख चुकवू नकोस. आईबाबांशी मी बोलावं असं वाटत असेल तर रविवारी सकाळी येते. तसं त्यांना विचारून ठेव.

तुझ्या,
बाई