शाळेच्या व्हॅनचालकाची पोलीस पडताळणी पालकांनी कशी तपासावी?

कोल्हापुरातील एका पालकाने विचारले आहे की, मुलीला नेणाऱ्या व्हॅनच्या मामांची पोलीस पडताळणी झाली आहे की नाही, हे कसे कळेल.

सर्वांत सरळ मार्ग शाळेतून जातो. महाराष्ट्राच्या 2011 च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असणे अपेक्षित असून तिच्यात पालकांचाही प्रतिनिधी असतो. चालकाचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र, परवाना आणि बॅज यांच्या प्रती त्या समितीमार्फत लेखी अर्जाने मागाव्यात. व्हॅन पालकांनी परस्पर ठरवलेली असेल, तर प्रमाणपत्र चालकाकडेच मागावे. त्यासाठी तो स्वतः पोलिसांच्या पोर्टलवर अर्ज करतो आणि राहत्या पत्त्याच्या हद्दीतील ठाणे, मग ते राजारामपुरी असो वा शाहूपुरी, चौकशी करते.

कागद हाती आला की आधी तारीख आणि पत्ता पाहावा. दोन-तीन वर्षांपूर्वीचे प्रमाणपत्र त्यानंतर दाखल झालेल्या गुन्ह्याबद्दल अर्थातच काही सांगत नाही. चालक मूळचा निपाणी-बेळगावकडचा असल्यास तिकडची नोंद कर्नाटक पोलिसांकडे असणार, म्हणून तिथलेही प्रमाणपत्र मागणे गैर नाही. खरी पळवाट मात्र, माझ्या मते, बदली चालकाची आहे: मामा गावाकडे जत्रेला गेले की त्या दिवशी भाचा किंवा मित्र गाडी चालवतो आणि त्याची कागदपत्रे कोणीच पाहिलेली नसतात. बदली चालकाचे नाव आणि प्रमाणपत्र आधीच घेऊन ठेवावे. जो मालक त्याला नकार देईल, त्याच्या गाडीत मूल बसवू नये.