आईचं ठाण्यात दुर्बिणीने पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. पूर्ण भुलीत स्वप्न पडलं, तर भूल कमी पडली असं समजायचं का?

नाही, स्वप्न पडणं म्हणजे भूल कमी पडणं नव्हे. मी नवी मुंबईत भूलतज्ज्ञ आहे. शुद्धीवर येताच विचारलं तर साधारण पाचात एक पेशंट स्वप्न पडल्याचं सांगतो. ही स्वप्नं बहुधा शेवटी, औषधाचा अंमल उतरताना पडतात. डोळे उघडताच "ठाणे आलं का?" विचारणाऱ्या काकू रिकव्हरीत भेटतातच, थोड्या वेळाने त्यांना त्यातलं काही आठवतही नाही.

खरी जाग वेगळी: डॉक्टरांचं बोलणं ऐकू येतं, हलता येत नाही, क्वचित दुखतंही. ब्रिटन-आयर्लंडच्या २०१४ च्या अहवालात पेशंटनी आपणहून सांगितलेल्या अशा घटना सुमारे १९,००० भुलींमागे एक होत्या. खोदून विचारलेल्या अभ्यासांत आकडा हजारी एक-दोनपर्यंत जातो. पूर्ण भुलीतलं सिझेरियन, हृदयाचं किंवा तातडीचं ऑपरेशन, यांत धोका जास्त. ("मला तर सगळं ऐकू येत होतं" म्हणणाऱ्या शेजारणीला बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन दिलेलं असतं, त्यात पेशंट जागाच असतो.)

मात्र आईंच्या ऑपरेशनातही स्नायू शिथिल करणारं औषध देतात, त्यामुळे जाग आली तरी हलून सांगता येत नाही, म्हणून धोका अगदी शून्य नाही. भुलीच्या तपासणीत हे लपवू नका:

- आधी कधी भुलीत जाग आली होती का
- रोजच्या झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्या
- दारू

आणि नंतर त्यांनी काही ऐकल्याचं सांगितलं, तर "भास असेल" म्हणून उडवून न लावता भूलतज्ज्ञांना बोलवा.