एका दोरीला तीन माश्या? थांब जरा

भाऊ, फ्लाय फिशिंगच्या दोरीला तीन माश्या (पिसा-दोऱ्याचे नकली किडे बांधलेले गळ) लावतोस आणि फेकताना सारखा गुंता होतो म्हणतोस. पहिला सल्ला तुला आवडणार नाही: दोन माश्या काढून ठेव. महिनाभर एकच नीट फेकता आली की दुसरी लाव. तिसरीची घाई नको.

दोन लावशील तेव्हा जड माशी टोकाला, हलकी वरच्या फांदीला, म्हणजे दोरीपुढच्या बारीक नायलॉनच्या तंगुसातून बाजूला काढलेल्या छोट्या तुकड्याला. जड टोक तंगूस ताणून नेतं. उलटं केलंस तर हलकी मागे रेंगाळते आणि वरच्या माशीला मिठी मारते. दोघींत चांगलं तीन-चार फूट अंतर ठेव. फांदी चार-पाच इंचांचीच, आणि तिचं तंगूस जरा कडक. मऊ, लांब फांदी दोरीभोवती वेणी घालते.

पण खरी गोम फेकण्यात आहे. हवेत चार-चार झोके कशाला? मासा पाण्यात आहे ना! एक मागे, एक पुढे, बस. मागे दोर सरळ होईपर्यंत थांब, मनगटाला झटका नको, झोक्यात दोराचा हवेत पडणारा वळसा जरा रुंद राहू दे.

चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमाशी, मी एकदा समोरच्या वाऱ्यात हट्टाने फेकत राहिलो. उरलेली दुपार गाठी सोडवण्यात गेली, आणि शेजारचा साधा गळवाला तीन चिलापी पिशवीत टाकून घरी गेला. तेव्हापासून वारा वाढला की मी एकच माशी ठेवतो.

अधूनमधून तंगूस चिमटीतून ओढून बघ. बारीक गाठ लागली तर तिथेच तुटणार. मोठा गुंता झाला तर ओढू नको, सरळ काप. बांधलेली जोडी पुठ्ठ्यावर गुंडाळून खिशात असू दे.