फिट येण्याचा आजार असेल तर वाहन परवान्याच्या अर्जात तो लिहावा का?

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय 27 आहे, याआधी दोनदा फिट आली होती, पण गेली तीन वर्षे एकदाही आलेली नाही आणि रात्रीची एक गोळी चालू आहे. नेरूळहून महापेला कामावर जाण्यासाठी स्कूटर घ्यायची आहे आणि शिकाऊ परवान्याच्या अर्जात आजाराचा उल्लेख करू नकोस, असे आई सांगते. माझे उत्तर असे की उल्लेख करा. परवाना नाकारला जाण्याची शक्यता आहे, हे ठाऊक असूनही मी हे सांगते आहे.

अर्जासोबत भरावा लागणारा फॉर्म 1 म्हणजे शारीरिक पात्रतेचे स्वतः केलेले घोषणापत्र असते. त्यात अपस्मार (फिट येण्याचा आजार) आहे का, कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपते किंवा चक्कर येते का, असे थेट विचारलेले असते. भर उजेडात 25 मीटरवरून गाडीच्या नंबरपट्टीवरचे आकडे दिसतात का, रातांधळेपणा आहे का, हातापायांच्या हालचालीत दोष आहे का, हे प्रश्नही त्यात असतात. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 8 प्रमाणे, अर्जदाराच्या आजारामुळे त्याचे वाहन चालवणे लोकांना धोक्याचे ठरेल असे दिसल्यास अधिकाऱ्याने परवाना नाकारायचा असतो. ब्रिटनमध्ये साधारणपणे 12 महिने फिट आली नसेल तर मोटार चालवता येते, आणि ट्रक किंवा बससाठी औषधाविना 10 वर्षे जावी लागतात. आपला फॉर्म मात्र आजार आहे की नाही एवढेच विचारतो. किती वर्षे फिट आलेली नाही, यासाठी त्यात जागा नाही. नियमित औषध घेणाऱ्या माणसावर हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही त्यावर खोटे उत्तर हा उपाय नाही, कारण चुकीची माहिती देऊन मिळवलेला परवाना कलम 19 खाली रद्द होऊ शकतो, आणि अपघात झालाच तर तुमची सही असलेला तोच कागद तुमच्याविरुद्ध उभा राहतो.

मी ठाण्यात राहते. 2015 साली गौरीच्या जागरणानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाचीला स्कूटरवर मागे बसवून घोडबंदर रोडने घरी आले, चहाचे आधण ठेवले आणि स्वयंपाकघरातच कोसळले. तोवर मला कधीही फिट आलेली नव्हती. ती दहा मिनिटे आधी आली असती तर काय झाले असते, हा विचार आजही माझ्या मनातून जात नाही. त्या दिवसापासून मी गाडी चालवलेली नाही. 2021 मध्ये सलग दोन दिवस गोळी चुकल्यावर पुन्हा एकदा फिट आली. पुढे परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली, तेव्हा चाळिशी ओलांडल्यामुळे डॉक्टरांचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 1ए, आवश्यक होते. मी ज्या दवाखान्यात गेले तिथे एकही प्रश्न न विचारता सही होत होती. मी स्वतःहून आजार सांगितला, तेव्हा कुठे ती सही थांबली. अशा सह्यांचा मला मनापासून राग आहे, कारण रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा जीव त्या कागदावर अवलंबून असतो.

तुम्ही आधी मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा आणि तुमच्या दोन्ही फिट कशामुळे आल्या होत्या, हे नीट विचारून घ्या. तीव्र ताप, रक्तातील सोडियम किंवा साखर एकदम घसरणे अशा तात्कालिक कारणाने आलेली फिट म्हणजे अपस्मार नव्हे. कारणाशिवाय, 24 तासांहून अधिक अंतराने दोन फिट आल्या असतील तर मात्र तो अपस्मारच मानला जातो. निदान, शेवटच्या फिटची तारीख, चालू औषध आणि वाहन चालवण्याबद्दलचे त्यांचे मत हे सर्व लेखी घ्या आणि अर्जाला जोडा. परवाना नाकारला गेला तर आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत कलम 17 खाली अपील करता येते. तिथे हेच पत्र तुमच्या बाजूने बोलेल. डॉक्टर गोळीचे प्रमाण कमी करत असतील तर त्या काळात, आणि गोळी बंद झाल्यानंतरचे सहा महिने, परवाना हाती असला तरी गाडीला हात लावू नका; फिट परत येण्याचा धोका तेव्हा वाढलेला असतो.

हे नियम कायमचे कोरलेले नाहीत, हेही सांगायला हवे. ऐकू न येणाऱ्या व्यक्तींसाठी 2011 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मार्ग मोकळा केला, आणि सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असणाऱ्यांना जून 2020 पासून परवाना मिळू शकतो. अपस्माराच्या बाबतीतही फिट न आलेल्या वर्षांची मोजणी व्हावी, अशी माझी तळमळीची इच्छा आहे.

तोवर नेरूळहून ठाण्याकडे जाणाऱ्या लोकलने कोपरखैरणेला उतरून पुढे महापेसाठी बस किंवा रिक्षा घ्या. आणि आईला डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा. फिट आली तेव्हा तुम्ही शुद्धीत नव्हता. ती किती वेळ टिकली आणि आधी काय घडले, हे त्याच सांगू शकतील.